स्पॅनिश भूतकाळांच्या संज्ञा आणि इंग्रजी भाषक : एक चिकित्सा

स्पॅनिश क्रियापदाच्या स्वार्थी रूपांत भूतकाळ दाखविणारी रूपे पाच आहेत. ‘कान्तार’ म्हणजे गाणे. या धातूची प्रथमपुरुषी एकवचनी रूपे घेतली तर ती अशी होतात : कान्ते, कान्ताबा, ए कान्तादो, आबिया कान्तादो आणि उबे कान्तादो. रूपे पाचच, परंतु त्यांना निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या देशी मिळालेली नावे त्यांच्या दुपटीहून अधिक भरतील. माद्रिद येथील रॉयल स्पॅनिश अकादमीने स्वतःचीच नावे एकदा बदलली. त्याच्या कितीतरी आधी, १८४७ साली, आन्द्रेस बेयो यांनी चिलीत प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात अगदी वेगळी नामावली सुचविली. मेक्सिकोतील शाळांनी त्या नामावलीतील काही नावे उचलली. आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पाठ्यपुस्तकांनी आपली एक तिसरीच, आखूड नामावली रूढ केली.

ज्याची मातृभाषा स्पॅनिश आहे त्याला या गोंधळाचा फारसा उपद्रव होत नाही. कान्ते केव्हा म्हणावे आणि कान्ताबा केव्हा, हे त्याला शाळेत जाण्यापूर्वीच अवगत झालेले असते. शाळेत त्याला केवळ हाती असलेल्या वस्तूचे नाव सांगितले जाते. नाव चुकीचे असले तरी वस्तू हातातून निसटत नाही. परभाषकाची स्थिती याच्या नेमकी उलट असते. त्याच्या पुढे नाव आधी येते, आणि त्या नावावरून वस्तू ओळखण्याचा प्रयत्न त्याला करावा लागतो. त्यातही इंग्रजी भाषकाची अडचण विशेष आहे. त्याला ही नावे परकी वाटत नाहीत. ती ओळखीची वाटतात. परफेक्ट, इम्परफेक्ट, प्रेटेराइट हे सर्व शब्द त्याच्या स्वतःच्या व्याकरणात आहेत, आणि तेथे त्यांचे अर्थ दुसरे आहेत. अनोळखी शब्दाचा अर्थ मनुष्य विचारून घेतो, ओळखीच्या शब्दाचा विचारीत नाही.

‘प्रेतेरितो पेर्फेक्तो’ या संज्ञेचे उदाहरण पाहावे. शब्दास शब्द ठेवून तिचे इंग्रजी केले तर ‘पास्ट परफेक्ट’ होते. परंतु इंग्रजीत पास्ट परफेक्ट म्हणजे ‘आय हॅड संग’, म्हणजे स्पॅनिशमधील आबिया कान्तादो. आणि त्या रूपाचे स्पॅनिश नाव ‘प्रेतेरितो प्लुस्क्वाम्पेर्फेक्तो’ असे आहे. उलट अकादमी ज्याला ‘प्रेतेरितो पेर्फेक्तो कोम्पुएस्तो’, म्हणजे संयुक्त पूर्ण भूत, म्हणते त्या ‘ए कान्तादो’ला इंग्रजी व्याकरण ‘प्रेझेंट परफेक्ट’ म्हणते. म्हणजे एकाच जातीचे रूप स्पेनमध्ये भूतकाळात आणि इंग्लंडमध्ये वर्तमानकाळात गणले जाते. याहून गंमत पुढेच आहे. साधे ‘कान्ते’ हे रूप अकादमीच्या नामावलीत ‘प्रेतेरितो पेर्फेक्तो सिम्प्ले’ ठरते. इंग्रजी शिकविणाऱ्या पुस्तकांतून ‘परफेक्ट सिंपल’ ही संज्ञा सर्वत्र आढळते. परंतु तेथे ती ‘हॅव’ या सहायक क्रियापदाने बनलेल्या संयुक्त रूपाला लावतात आणि ‘सिंपल’ याचा अर्थ केवळ ‘चालू नसलेले’ एवढाच असतो. स्पॅनिशमध्ये ‘सिम्प्ले’ म्हणजे सहायकाविना बनलेले. एकच शब्दयुग्म, आणि दोन भाषांत त्याने दाखविलेली रूपे एकमेकांस छेद देणारी.

हा गोंधळ कोणा एकाच्या निष्काळजीपणाने उत्पन्न झालेला नाही. त्याचे मूळ लॅटिनच्या इतिहासात आहे. ग्रीक वैयाकरणांच्या परंपरेत, डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या लघुव्याकरणात, भूतकाळाचे चार भेद सांगितले आहेत. त्यांतील एकाचे नाव ‘आओरिस्तोस’, म्हणजे अनिश्चित वा अमर्याद, असे आहे. लॅटिनमध्ये ग्रीकांचे आओरिस्तोस आणि पूर्णभूत हे दोन्ही भेद एकाच रूपात सामावले होते. ‘कान्तावी’ या एका लॅटिन रूपाचा अर्थ ‘मी गायलो’ आणि ‘मी गायलो आहे’ असा दोन्ही होत असे, आणि त्यास ‘पेर्फेक्तुम’, म्हणजे शेवटास नेलेले, हे एक नाव पुरत असे. पुढे लॅटिनपासून रोमान्स भाषा निपजल्या तेव्हा या घराची वाटणी झाली. कान्तावीपासून कान्ते हे रूप आले. ‘माझ्याजवळ गायलेले आहे’ अशा धर्तीच्या नव्या रचनेपासून ए कान्तादो तयार झाले. जुन्या अर्थाचे दोन वाटेकरी झाले, आणि दोघांनीही वडिलांचे नाव लावले. अकादमीच्या नामावलीत ‘पेर्फेक्तो’ हा शब्द दोनदा येतो तो यामुळे.

नेब्रिहा यांनी १४९२ साली स्पॅनिश भाषेचे पहिले व्याकरण लिहिले त्यात ही लॅटिन नावे त्यांनी जशीच्या तशी घेतली नाहीत, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. त्यांनी त्यांचे देशी शब्दांत भाषांतर केले : संपलेला भूतकाळ, न संपलेला भूतकाळ, संपल्याहून अधिक असा भूतकाळ. हे शेवटचे नाव त्या काळीही कोणास नीट उमगले असेल असे वाटत नाही. घागर काठोकाठ भरल्यावर तीत आणखी काय भरणार? परंतु पहिली दोन नावे साधी व बोलकी होती. पुढील शतकांनी ती टाकून लॅटिन नावांकडे परत जाणे पसंत केले. इंग्रजी भाषकाच्या दृष्टीने ही हानीच झाली. इंग्रजीत ‘परफेक्ट’ शब्दाचा ‘शेवटास नेलेले’ हा अर्थ मागे पडून ‘निर्दोष’ हाच अर्थ शिल्लक राहिला आहे. यास्तव ‘इम्परफेक्ट’ काळ म्हणजे काहीतरी सदोष काळ, अशी नकळत समजूत त्याच्या मनात आधीच बसलेली असते.

‘इन्देफिनिदो’ या नावाची कथा अधिकच विलक्षण आहे. अकादमीच्या १९३१ सालच्या व्याकरणात कान्ते या रूपाला ‘प्रेतेरितो इन्देफिनिदो’, म्हणजे अनिश्चित भूत, म्हटले होते, आणि अनेक पाठ्यपुस्तकांत ते नाव अजूनही चालते. इंग्रजी भाषकास हे कोड्यासारखे वाटते. ‘काल संध्याकाळी सहा वाजता मी गायलो’ या वाक्यात जे रूप वापरावयाचे, ते अनिश्चित कसे? त्याने पूर्वी फ्रेंच शिकलेली असेल तर कोडे दुणावते. कारण जुन्या फ्रेंच शालेय व्याकरणात ‘निश्चित भूत’ हे नाव साध्या रूपाला आणि ‘अनिश्चित भूत’ हे संयुक्त रूपाला होते. म्हणजे स्पॅनिशच्या बरोबर उलट. येथे चूक स्पॅनिशची आहे असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु १६६० सालचे पोर-रोयालचे व्याकरण उघडले की आढळते की त्या काळी फ्रेंच वैयाकरणही साध्या रूपालाच ‘अनिश्चित किंवा आओरिस्त’ म्हणत होते व संयुक्त रूपाला ‘निश्चित’. अर्थात ग्रीक आओरिस्तोसचा अर्थ त्यांनी जपला होता. पुढे फ्रेंचांनी नावांची अदलाबदल केली. स्पॅनिशमध्ये जुना क्रम टिकला. स्पॅनिश नाव चुकीचे नव्हे, जुने आहे. मात्र जुनेपणाने ते शिकणाऱ्याच्या उपयोगाचे ठरत नाही, हेही तितकेच खरे. १९७३ साली अकादमीने आपल्या नव्या व्याकरणाचा आराखडा प्रसिद्ध केला तेव्हा ‘इन्देफिनिदो’ सोडून ‘पेर्फेक्तो सिम्प्ले’ हे नाव घेतले. त्यामुळे एक कोडे सुटले आणि वर सांगितलेले दुसरे उभे राहिले.

इंग्रजी भाषकाच्या घरचे व्याकरणही या बाबतीत निर्दोष नाही. लिंडले मरे यांचे १७९५ सालचे इंग्रजी व्याकरण पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून वापरले गेले. त्यात ‘आय लव्ह्‌ड’ या साध्या भूतकाळी रूपाचे नाव ‘इम्परफेक्ट’ असे दिले आहे. लॅटिनच्या साच्यात सहा काळ होते, म्हणून इंग्रजीलाही सहा काळ हवे होते, आणि एका रिकाम्या खोलीत हे रूप नेऊन बसविले गेले. असे व्याकरण पढलेला गृहस्थ स्पॅनिशकडे वळला तर ‘इम्पेर्फेक्तो’ ऐकताच त्याच्या डोळ्यांपुढे ‘आय लव्ह्‌ड’ उभे राहणार, आणि जेथे ‘आमे’ म्हणावयास हवे तेथे तो ‘आमाबा’ म्हणणार! आजची पुस्तके मरे यांचे नाव घेत नाहीत. परंतु इंग्रजीचे एकच भूतकाळी रूप स्पॅनिशच्या दोन रूपांपुढे उभे करण्याची अडचण तीच आहे. ‘आय रोट’चे स्पॅनिश ‘एस्क्रिबी’ही होते आणि ‘एस्क्रिबिया’ही. ती निवड इंग्रजी वाक्याच्या रूपावरून होत नाही. ती प्रसंगावरून करावी लागते.

ही निवड शिकविण्यासाठी अमेरिकन पाठ्यपुस्तके दोन नावे पुढे ठेवतात : प्रेटेराइट आणि इम्परफेक्ट. या जोडीतील तर्कदोष सहज ध्यानात येणारा नाही. ‘प्रेतेरितो’ याचा अर्थ केवळ ‘मागे गेलेला’, म्हणजे भूत. स्पॅनिशमध्ये कान्ताबा हेही प्रेतेरितोच आहे. ‘प्रेतेरितो इम्पेर्फेक्तो’ हे त्याचे पूर्ण नाव. तेव्हा ‘प्रेटेराइट की इम्परफेक्ट’ हा प्रश्न ‘फळ की आंबा’ अशा थाटाचा आहे. जातीचे नाव एका व्यक्तीला दिले की दुसरी व्यक्ती जातीबाहेर पडल्यासारखी दिसते. विद्यार्थ्याची समजूत अशी होते की कान्ते हा खरा भूतकाळ, आणि कान्ताबा ही त्यावरची काही भर.

त्यानंतर येतात नियम. संपलेल्या क्रियेस प्रेटेराइट, चालू राहिलेल्या वा वारंवार होणाऱ्या क्रियेस इम्परफेक्ट, हा त्यांतील मुख्य. हा नियम पहिल्या आठवड्यात उपयोगी पडतो आणि दुसऱ्या महिन्यात घात करतो. ‘बिबिओ एन लिमा बेइन्ते आन्योस’, म्हणजे तो लिमात वीस वर्षे राहिला. वीस वर्षांचे राहणे चालू राहिलेलेच नव्हे काय? तरीही रूप प्रेटेराइटचे. ‘तीन वर्षे तो रोज शाळेत गेला’ येथे क्रिया शेकडो वेळा घडली; तरीही प्रेटेराइट. कारण कालावधीची लांबी किंवा पुनरावृत्ती यांचा या निवडीशी संबंध नाही. क्रियेची कड वक्त्याने दृष्टीच्या टप्प्यात घेतली आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे. ‘वीस वर्षे’ म्हटले की कुंपण पडले. मराठी वाचकास हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. ‘लिमात वीस वर्षे राहिला’ आणि ‘त्या वेळी लिमात राहत होता’ हा भेद तो स्वाभाविकपणे पाळतो.

आता ‘इम्पेर्फेक्तो’ या नावाकडे पुन्हा पाहिले तर ते वाटले होते तितके वाईट नाही असे दिसून येईल. ‘से आओगो’ म्हणजे तो बुडाला, बुडून मेला. ‘से आओगाबा’ म्हणजे तो बुडत होता. आणि पुढे ‘तेवढ्यात लोकांनी त्याला बाहेर काढले’ असे जोडता येते. क्रिया शेवटास गेली की नाही हे दुसरे रूप सांगतच नाही. लॅटिन ‘इम्पेर्फेक्तुम’चा, शेवटास न नेलेले, हा मूळ अर्थ येथे अक्षरशः लागू पडतो. अनेक नावांच्या या बाजारात जुन्या लॅटिन वैयाकरणांचे हेच नाव वस्तूच्या सर्वांत जवळ आहे. दोष नावाचा नसून ते नाव इंग्रजीत ज्या शब्दाने येते त्याच्या बदललेल्या अर्थाचा आहे.

पाठ्यपुस्तकांतील आणखी एक प्रथा येथे तपासावयास हवी. ‘प्रेटेराइटमध्ये अर्थ बदलणारी क्रियापदे’ या मथळ्याखाली एक यादी असते. ‘साबेर’ म्हणजे ठाऊक असणे. परंतु ‘सुपे’ म्हणजे मला कळले. ‘कोनोसेर’ म्हणजे ओळख असणे; परंतु ‘कोनोसी’ म्हणजे माझी ओळख झाली. ‘केरेर’ म्हणजे इच्छिणे. परंतु ‘नो किसे’ म्हणजे मी नकार दिला. विद्यार्थी ही यादी घोकतो. वस्तुतः यांपैकी एकाही क्रियापदाचा अर्थ बदललेला नाही. ठाऊक असणे ही एक स्थिती आहे. स्थितीला कड हवी म्हटले की बहुधा तिची सुरुवातच हाती लागते, आणि ठाऊक असण्याची सुरुवात म्हणजे कळणे. इंग्रजीला त्यासाठी निराळे क्रियापद घ्यावे लागते, म्हणून इंग्रजी डोळ्यांना अर्थ बदलल्यासारखा दिसतो. मराठीतही ‘ठाऊक होते’ आणि ‘कळले’ अशी दोन क्रियापदे लागतात. पण त्यावरून स्पॅनिश क्रियापद दोन अर्थांचे ठरत नाही. विल्यम बुल यांनी काळ व क्रियापद या विषयावरील १९६०च्या ग्रंथात, स्पॅनिशचाच विशेष आधार घेऊन, हा मुद्दा स्पष्ट केला होता. काही क्रिया शेवटाशी पोहोचल्यावाचून घडल्या असे म्हणता येत नाही, काही सुरू होताक्षणीच घडलेल्या असतात. प्रेटेराइट पहिल्यांचा शेवट दाखविते व दुसऱ्यांची सुरुवात. हे विवेचन उपलब्ध असता ती यादी अद्यापही छापली जाते, याचे कारण शास्त्रीय नसून व्यावहारिक असावे. यादीवर प्रश्न काढणे सोपे असते.

आन्द्रेस बेयो यांची नामावली या सर्व पार्श्वभूमीवर फार वेगळी दिसते. त्यांनी क्रियापदाच्या काळांची मीमांसा करणारा आपला निबंध १८४१ साली वाल्पाराइसो येथे प्रसिद्ध केला आणि सहा वर्षांनी ती नावे व्याकरणात आणली. त्यांच्या नावांत कान्ते हे नुसते ‘प्रेतेरितो’. कान्ताबा हे ‘कोप्रेतेरितो’, म्हणजे भूतासह असलेले. आबिया कान्तादो हे ‘आन्तेकोप्रेतेरितो’. कान्तारिया या रूपास ‘पोसप्रेतेरितो’, म्हणजे भूतानंतरचे, असे नाव आहे. पूर्वी, सह व पश्चात असे तीन उपसर्ग आणि वर्तमान, भूत, भविष्य असे तीन आधार. यांच्या जुळणीतून प्रत्येक नाव बनते. नाव म्हणजे जणू एक लहानसे सूत्रच, ते उलगडले की रूपाचा अर्थ समोर येतो. १९४७ साली हान्स रायखेनबाख यांनी भाषणक्षण, घटनाक्षण आणि संदर्भक्षण असे तीन बिंदू धरून काळांची जी मांडणी केली तिचे बीज शंभर वर्षे आधी बेयो यांच्यापाशी आढळते, असे अभ्यासकांनी अनेकदा नमूद केले आहे. इंग्रजी भाषकाला या नावांचा मोठा लाभ असा की ती त्याच्या ओळखीची नाहीत. ‘कोप्रेतेरितो’ ऐकून त्याला सदोषपणाची आठवण होत नाही.

तथापि बेयो यांच्या नावांनाही मर्यादा आहे, आणि तिच्याकडे त्यांचे चाहते डोळेझाक करतात. त्यांच्या योजनेत ए कान्तादो हे ‘आन्तेप्रेसेन्ते’, म्हणजे वर्तमानापूर्वीचे. परंतु वर्तमानापूर्वीचे तर कान्तेही आहे. दोहोंमधील खरा भेद हा की ए कान्तादो मधील गोष्टीचा धागा अजून अस्तित्वात असलेल्या कशाशी तरी जुळलेला असतो. हे बेयो विवेचनात सांगतात. नावात ते नाही. तसेच उबे कान्तादो या ‘आन्तेप्रेतेरितो’चे वैशिष्ट्य म्हणजे एक गोष्ट संपताच लगेच दुसरी घडली हे दाखविणे, हे लगतपणही नावातून निसटते. हे रूप बोलण्यातून जवळजवळ गेलेलेच असल्याने त्याची हानी थोडी. ए कान्तादोची हानी मात्र मोठी आहे.

कारण ए कान्तादो हे सर्व स्पॅनिश जगात एकसारखे वापरले जात नाही. स्पेनच्या मोठ्या भागात ‘एस्ता मान्याना लो ए बिस्तो’, म्हणजे आज सकाळी मी त्याला पाहिले, हे वाक्य संध्याकाळीही चालते. दिवस आजचा आहे एवढे पुरते. लॅटिन अमेरिकेच्या बहुतेक भागांत तेथे साधे रूप येते. इंग्रजीत सकाळ उलटून गेल्यावर ‘हॅव सीन’ म्हणता येत नाही. म्हणजे ‘प्रेझेंट परफेक्ट’ हे घरचे नाव मनात धरून माद्रिदला गेलेला इंग्रज तेथे अडखळतो. पाणिनीय व्याकरणाच्या अभ्यासकाला येथे ‘अनद्यतने लङ्’ या सूत्राची आठवण होणे साहजिक आहे : आजचा नसलेला भूतकाळ आणि इतर भूतकाळ असा भेद तेथे मुळातच मानलेला आहे. पोर-रोयालच्या व्याकरणातही साधे भूतरूप निदान एका दिवसाने मागे गेलेल्या गोष्टीसच लावावे असे म्हटले आहे. भूतकाळ सांगताना दिवसाची सीमा मानण्याची ही वृत्ती दूरदूरच्या भाषांत दिसते, आणि स्पॅनिशची एकही नामावली तिला स्थान देत नाही.

पाणिनींचा उल्लेख आणखी एका कारणाने येथे अप्रस्तुत नाही. लङ्, लुङ्, लिट् ही त्यांची नावे अर्थ सांगतच नाहीत. अर्थ सूत्रे सांगतात. त्यामुळे सूत्र बदलावे लागले तरी नाव खोटे पडत नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांनी मात्र ग्रीक रूपांशी असलेले नाते पाहून लङ्‌ला इम्परफेक्ट म्हटले, आणि संस्कृत लङ् अपूर्णता मुळीच दाखवीत नसल्याने त्या नावावर खुलासे लिहिणे आजपर्यंत संपलेले नाही. बर्नार्ड कॉम्री यांनी १९७६ च्या क्रियाव्याप्तीवरील पुस्तकात ‘परफेक्ट’ आणि ‘परफेक्टिव्ह’ हे दोन शब्द कटाक्षाने अलग ठेवण्याचा आग्रह धरला. त्यामागेही हाच अनुभव आहे. स्पॅनिश ‘पेर्फेक्तो सिम्प्ले’ हे कॉम्री यांच्या अर्थाने परफेक्टिव्ह आहे, परफेक्ट नव्हे. आणि ‘पेर्फेक्तो कोम्पुएस्तो’ हे पुष्कळदा परफेक्ट असते, तर स्पेनमध्ये कधीकधी नुसते आजचे भूत.

अकादमीने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या व्याकरणात या बाबतीत जे धोरण स्वीकारले ते पाहण्यासारखे आहे. पारंपरिक नावांबरोबर बेयो यांचीही नावे त्यात नोंदविली आहेत. पण काळांच्या प्रत्यक्ष विवेचनात संपादकांनी मोठ्या अक्षरांत नुसते ‘कान्ते’, ‘कान्ताबा’, ‘ए कान्तादो’ असे छापून ते रूपच काळाचे नाव म्हणून वापरले आहे. पाच शतकांच्या नामकरणानंतर वस्तूनेच आपले नाव व्हावे, ही तडजोड नामुष्कीची वाटेल. परंतु शिकणाऱ्या इंग्रजी भाषकाच्या दृष्टीने तिच्यात धोका सर्वांत कमी आहे. ‘कान्ताबा’ या नावाचा इंग्रजीत अन्य अर्थ नाही.

एक रूप मात्र या तडजोडीनेही सुटत नाही. ‘कान्तारा’ हे लॅटिन पूर्वपूर्णभूताचे औरस अपत्य. जुन्या स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘गायले होते’ असाच होता. कालांतराने ते सब्जंक्टिव्ह अर्थाकडे वळले आणि आज सर्व नामावल्या त्याला तेथेच बसवितात. अकादमीच्या नामावलीत ते सब्जंक्टिव्हचे ‘प्रेतेरितो इम्पेर्फेक्तो’ आहे. परंतु स्पॅनिश वृत्तपत्रांत ‘एल के फुएरा प्रेसिदेन्ते’, म्हणजे जे पूर्वी अध्यक्ष होते ते, अशा संबंधी वाक्यांशांत त्याचा जुना अर्थ अजून डोके वर काढतो. सब्जंक्टिव्ह म्हणजे शंका वा इच्छा असे पढलेला इंग्रजी वाचक तेथे थबकतो, आणि तो गृहस्थ खरोखर अध्यक्ष होता की नव्हता याचा शोध घेऊ लागतो.